दिवाळी मेळावा काउंटी फायनलच्याच दुपारी का? आमच्या मराठी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
आपलं मराठी मंडळ, केरी, आयर्लंड

स. न. वि. वि.

मेळाव्याची सूचना वाचली. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, दुपारी दीडला फराळ, अडीचला मुलांचे कार्यक्रम, पाचला चहा. त्याच रविवारी, त्याच वेळेला ट्रलीच्या ऑस्टिन स्टॅक पार्कवर केरी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, सीनियर गेलिक फुटबॉल चॅम्पियनशिपची फायनल आहे, आणि तीत आपल्या गावच्या गेलिक फुटबॉल क्लबची पोरं खेळणार आहेत. एका तारखेवर दोन गोष्टी येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पंचांग, शाळेच्या सुट्ट्या, हॉलचं बुकिंग, सगळ्यांच्या शिफ्ट हे जुळवताना तुमची किती दमछाक होते ते मी पाहिलंय. मला खटकली ती सूचनेच्या खालची ओळ: "क्लबकडून तारखेबाबत विचारणा झाली होती. बदल करता येणार नाही. तो आपला विषय नाही."

ग्रुपवर याबद्दल विचारलं तर "इथे फक्त मेळाव्याचं बोला" असं उत्तर आलं, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फक्त ॲडमिननाच लिहिता येईल अशी व्यवस्थाही झाली. म्हणून हे उघड पत्र. कुणाचं नाव घेणार नाही, मंडळाचं नाही आणि क्लबचंही नाही. भांडण माणसांशी नाही, त्या ओळीशी आहे. आयर्लंडमधल्या दुसऱ्या एखाद्या मंडळाला हे वाचून आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही खुशाल तसं समजावं.

मी मूळची कोल्हापूरची. इथल्या एका हॉटेलात हिशेब बघते. मुलगी क्लबच्या चौदा वर्षांखालच्या संघात खेळते, मुलगा दहाखालच्या. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की अख्ख्या पेठा शाहू स्टेडियमकडे निघतात, हे बघत मी वाढले. कोण कुठल्या तालमीचा, त्याचा बाप कुठल्या जागेवर खेळायचा, कुणाच्या चुलत्याने कधी पेनल्टी घालवली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. त्यामुळे केरीतला क्लब काय चीज आहे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पैसे भरले, घाम गाळला आणि घरी गेलो, असली ती जिम नव्हे. क्लब गावाचा असतो. तुम्ही जिथे राहता, जिथे वाढता, तिथूनच खेळता. शेजारच्या गावाचा संघ भारी आहे म्हणून उडी मारता येत नाही, बदली मागितली तरी सहजी मिळत नाही. खेळाडूला पगार नसतो. केरीकडून ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंट्यांमधली देशपातळीची स्पर्धा, जिंकलेला माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला उभा असतो, नाहीतर गायींच्या मागे असतो.

आता "आपला विषय नाही" या वाक्याकडे येते. जे नाकारलं ते नेमकं काय आहे, याची थोडी उजळणी करू. मेळाव्यात क्विझ ठेवलाच आहे, त्यालाही उपयोगी पडेल.

जीएए, म्हणजे गेलिक खेळांची संघटना, १ नोव्हेंबर १८८४ ला टिपरेरीतल्या थर्ल्स गावी एका हॉटेलात स्थापन झाली. पाच वर्षांनी, १८८९ साली, केरीची पहिली काउंटी चॅम्पियनशिप झाली आणि ती किलॉर्ग्लिनच्या लॉन रेंजर्सनी जिंकली. आपल्यातली कितीतरी माणसं रोज किलॉर्ग्लिनला नोकरीला जातात, ऑगस्टात तिथल्या पक फेअर जत्रेतल्या बोकडाचे फोटो स्टेटसला लावतात. या स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत पहिलं नाव त्या गावाचं आहे, हे त्यातल्या किती जणांना माहीत आहे?

त्या काळी काउंटीचा संघ असा वेगळा निवडला जात नसे. काउंटीचा विजेता क्लबच काउंटीच्या नावाने ऑल-आयर्लंडला उतरायचा. १८९२ च्या ऑल-आयर्लंडची फायनल प्रत्यक्षात १८९३ च्या मार्चमध्ये झाली. तीत केरी म्हणून जो संघ उभा राहिला तो लॉन रेंजर्सचा होता आणि कर्णधार होते जे. पी. ओ'सुलिव्हन. डब्लिनने त्यांना हरवलं. २०२५ पर्यंत केरीच्या नावावर ३९ ऑल-आयर्लंड आहेत, इतर कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त, आणि त्या सगळ्या कहाणीची सुरुवात एका गावच्या पोरांनी केली. याच ओ'सुलिव्हनांचे चिरंजीव डॉ. एमन हे मानसोपचारतज्ज्ञ आणि केरीचे गाजलेले प्रशिक्षक. किलार्नीचं फिट्झजेरल्ड स्टेडियम उभारताना तिथल्या मनोरुग्णालयातल्या रुग्णांनीही कष्ट केले. ते १९३६ ला खुलं झालं. गेल्या उन्हाळ्यात आपण सहलीला गेलो होतो आणि मागच्या डोंगरांसह ज्याचे फोटो काढले, तेच ते. नाव आहे डिक फिट्झजेरल्डचं, किलार्नीच्या डॉ. क्रोक्स क्लबचा खेळाडू, १९१३ आणि १९१४ ला केरीचा कर्णधार.

ट्रलीत तीन मोठे क्लब, तीन भागांचे. रॉक स्ट्रीटचा ऑस्टिन स्टॅक्स, स्ट्रँड रोडचा केरिन्स ओ'राहिलीज, बोहरबीचा जॉन मिचेल्स. कोल्हापूरकरांना नकाशा लगेच कळेल. ही नावं कुणा प्रायोजकाची नाहीत. ऑस्टिन स्टॅक १९०४ च्या केरी संघाचा कर्णधार, पुढे स्वातंत्र्यलढ्यातला नेता आणि मंत्री. ओ'राहिली १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात डब्लिनच्या रस्त्यावर गोळ्या लागून गेला. चार्ली केरिन्स १९३९ साली ओ'राहिलीज क्लबकडून काउंटी चॅम्पियनशिप जिंकला आणि १ डिसेंबर १९४४ ला डब्लिनच्या तुरुंगात फासावर गेला. फाशी देणारं सरकार तेव्हा आयरिशच होतं, हेही लक्षात घ्या. या माणसांच्या राजकारणावर इथे आजही एकमत नाही. पण पोरं ती नावं छातीवर घालून खेळतात, आणि समोरचा संघ त्यांच्याशी खेळतो.

१९२२-२३ च्या यादवी युद्धात केरीत फार रक्त सांडलं. मार्च १९२३ मध्ये बॅलीसीडीला कैद्यांना सुरुंगाभोवती बांधून उडवून दिलं. ट्रलीपासून ते ठिकाण गाडीने काही मिनिटांवर आहे. त्यानंतर केरीच्या एकाच संघात कॉन ब्रॉस्नन आणि जॉन जो शीही खेळले. ब्रॉस्नन सरकारी सैन्यातला अधिकारी, तर बोहरबीचा शीही त्याच सैन्याला हवा असलेला बंडखोर. शीही फरारी होता तेव्हा त्याने मॅचला यावं, खेळावं आणि सुखरूप परत जावं, याची हमी ब्रॉस्ननने घेतली, ही हकीकत इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. १९२४ ची ऑल-आयर्लंड केरीने जिंकली. मिचेल्सनी पुढे १९५९ ते १९६३ सलग पाच वेळा काउंटी जिंकली.

आता आपल्याशी थेट संबंध असलेला भाग. केरीत सगळेच क्लब सीनियर दर्जाचे नसतात. आपला तर मुळीच नाही. अशा लहान क्लबांची पोरं एकत्र येऊन विभागाचा संघ करतात आणि काउंटी चॅम्पियनशिपला उतरतात: ईस्ट केरी, मिड केरी, साउथ केरी, वेस्ट केरी, फील रेंजर्स, शॅनन रेंजर्स. अशी सोय फार थोड्या काउंट्यांत आहे. तिच्यामुळेच शे-दीडशे घरांच्या गावातल्या पोरालाही ट्रलीच्या फायनलमध्ये खेळायची वाट मोकळी राहते. व्हॅलेन्शिया बेटावरचा मिक ओ'कॉनेल पूल नव्हता तेव्हा होडी वल्हवत किनाऱ्यावर यायचा आणि मग खेळायला जायचा. पूल १९७१ ला झाला. केरीचे गाजलेले खेळाडू डेव्हिड आणि पॉडी क्लिफर्ड हे फोसा या छोट्या क्लबचे, आणि ईस्ट केरीने २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ ला काउंटी जिंकली ती त्यांना घेऊन.

यात एक गंमतही आहे. १९७०-७१ ला ऑल-आयर्लंड क्लब चॅम्पियनशिप पहिल्यांदा झाली, तेव्हा ती ईस्ट केरीने जिंकली, म्हणजे विभागाच्या संघाने. पुढे विभागांना ते दार बंद झालं. आता विभाग काउंटी जिंकला तर विजेत्याचा बिशप मॉइनिहन कप त्याचा, पण पुढे मन्स्टर प्रांताच्या क्लब स्पर्धेला जायचा मान एखाद्या खऱ्याखुऱ्या क्लबाला. २०२२ ला ईस्ट केरी जिंकली आणि पुढे गेले केरिन्स ओ'राहिलीज; त्यांनी मन्स्टरही जिंकलं! आमच्या पेठेत असं काही झालं असतं तर त्यावर वर्षभर कट्टे रंगले असते.

आणि डिंगल. १९४८ ला काउंटी जिंकली, नंतर थेट २०२५. मध्ये २०१२, २०१८ आणि २०२४ च्या फायनल हरले, तिन्ही डॉ. क्रोक्सकडून. आजोबांनी पाहिलेला कप नातवाला पाहायला सत्त्याहत्तर वर्षं लागली. आपण डिंगलला जातो ते बोटीने डॉल्फिन बघायला आणि आइस्क्रीम खायला. हरकत काहीच नाही, पण त्या गावातल्या माणसाशी बोलायला विषय शोधत असाल तर हा आहे.

या वर्षीच्या फायनलला आपल्या विभागाचा संघ आहे आणि त्यात आपल्या क्लबची चार पोरं आहेत. त्यातला मधल्या फळीतला उंच मुलगा आपल्या मुलांना बुधवारी संध्याकाळी शिकवतो. त्याच्याकडे शिकणाऱ्यांत कार्यकारिणीतल्या तिघांची मुलं आहेत. तो आपला विषय नाही?

आता तक्रारी.

पहिली जागेची. गणपतीचे पाचही दिवस आपण क्लबहाउस वापरतो. भाडं त्यांनी मागितलं नाही, आपण दिलं नाही. गेल्या वर्षी आरतीच्या धुराने फायर अलार्म वाजला आणि क्लबच्या सचिवांना जेवणावरून उठून यावं लागलं. त्या हसत आल्या, मोदक खाऊन गेल्या. ओट्यावर हळदीचा डाग अजून आहे. तो मी घासून पाहिला, जात नाही. विसर्जनानंतरच्या आभारपत्रकात ढोल पथक, केटरर, फोटोग्राफर, बॅनर छापणारा सगळे होते. क्लब नव्हता. चुकून राहिलं असेल असं मी तेव्हा धरून चालले. या सूचनेनंतर तसं धरवत नाही.

दुसरी क्रिकेटची. जुलैत आपण त्यांच्या सरावाच्या मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा घेतली, गवतावर मॅट ठोकली आणि खिळ्यांची भोकं तशीच ठेवून घरी आलो. यावर बोललं की एक उत्तर ठरलेलं: "यांनीच एके काळी क्रिकेटवर बंदी घातली होती." खरं आहे. क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी खेळणाऱ्याला जीएएतून काढून टाकायचा नियम होता आणि तो १९७१ पर्यंत टिकला. माझ्या मते तो नियम संकुचित होता, आणि त्याने चांगल्या खेळाडूंची विनाकारण कुचंबणा केली. पण तो त्यांनी स्वतःच्या अधिवेशनात, स्वतःच्या मतांनी मोडीत काढला, आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधी. आज तोच क्लब आपल्याला मैदान देतो आणि आपण पन्नास वर्षांपूर्वीच्या नियमाची ढाल करून भोकं बुजवायचं टाळतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

तिसरी तक्रार आपल्या सगळ्यांबद्दल आहे, पण मंडळ तिला खतपाणी घालतं म्हणून इथे मांडते. आपण मुलांना मैदानाच्या दारात सोडतो आणि तासाभराने न्यायला येतो. गाडीतून उतरतही नाही. सभासद-वर्गणी भरायची राहून जाते, आठवणीचा मेसेज आला की "किती मागे लागतात" म्हणतो. तिथे शिकवणारा कुणी पगारी नाही. रेषा मारणारा, गवत कापणारा, गोलपोस्टच्या बाजूला पांढरा कोट घालून झेंडे घेऊन उभा राहणारा, सगळी गावातली माणसं. गोलला हिरवा झेंडा, पॉइंटला (बॉल आडव्या दांड्यावरून गेला की) पांढरा, आणि २०२५ च्या नव्या नियमांपासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या, दोन पॉइंट मोजल्या जाणाऱ्या किकला नारिंगी. थंडीने बोटं वाकडी झालेली असतात, तरी झेंडा वेळेवर वर जातो.

जर्सी धुण्याची पाळी कधी घेतली आहे का कुणी? मॅच संपली की चिखलाने जड झालेली बॅग एका घरी जाते. पंचवीसेक जर्सी, उलट्या काढलेल्या, बाहीत गवत, एखादीत विसरलेला गमशील्ड (दातांचं रबरी कवच). मशीनच्या दोन-तीन खेपा, मग एक ते पंचवीस क्रमाने मोजायच्या, नऊ नंबर सापडत नाही म्हणून तीन घरी फोन करायचे, आणि पुढच्या शनिवारच्या आत वाळवायच्या. केरीच्या हवेत! पालकांच्या यादीत ही पाळी फिरते. आपली मुलं संघात आहेत, पण यादीत आपली नावं जवळजवळ नाहीतच, कारण आपण ती घालू दिली नाहीत. "आमच्या शिफ्ट असतात." यादीतल्या बाईसुद्धा नर्सच आहेत हो, आणि त्यांच्या घरी गायीही आहेत.

मुलगी तेरा-चौदाची झाली की तिला खेळातून काढायची आपली घाई वेगळीच. क्लास आहे, अभ्यास आहे, हाफ पँट आहे, लागेल-बिगेल. मुलींच्या फुटबॉलची संघटनाही थर्ल्सलाच स्थापन झाली, १९७४ ला. केरीच्या बायकांनी १९८२ ते १९९० सलग नऊ ऑल-आयर्लंड जिंकल्या, मग १९९३, आणि मग थेट २०२४. त्या २०२४ च्या विजयानंतर माझी मुलगी आठवडाभर अंगणातल्या भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारत होती. मंडळाच्या पालकसभेत याच काळात सल्ला काय दिला गेला? "ज्युनियर सायकलच्या, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या, वर्षी खेळ बंद ठेवा." अभ्यासाचं वाकडं मला नाही. पण हा सल्ला मंडळाच्या व्यासपीठावरून का जावा?

चौथी गोष्ट जरा जपून लिहिते. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनला भारतीय माणसांवर हल्ले झाले, दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली, तिथला इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. आपल्याकडेही लोक संध्याकाळी एकटे चालत जायचे थांबले. मीही थांबले. तेव्हापासून कार्यकारिणीत एक सूर ऐकू येतो: आपण आपल्यापुरतं राहावं, डोळ्यांवर येऊ नये, त्यांच्या गोष्टीत पडू नये. भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या आठवड्यात माझ्या घरी फोन कुणाचा आला होता? मुलाच्या प्रशिक्षकाचा. "शुक्रवारी सरावाला मी घेऊन जाऊ का दोघांना?" एवढंच विचारलं. भाषण नाही, सहानुभूती नाही. शुक्रवारी गाडी दारात आली. आपल्यापुरतं राहिलो असतो तर त्यांच्याकडे माझा नंबरच नसता. मंडळाने यावरून नेमका उलटा निष्कर्ष कसा काढला, ते मला खरंच समजत नाही.

क्लबची बाजू घेते म्हणजे तिथे सगळं छान आहे असं नव्हे. आपल्याच गावच्या क्लबकडून खेळायचा पॅरिशचा नियम, फी, गमशील्ड सक्तीचा, कुठल्या वयाला कुठली स्पर्धा, हे नव्या माणसाला नीट सांगायला कुणी नसतं. त्यांना ते आईच्या दुधातून मिळालेलं असतं आणि आपल्यालाही मिळालं असेल असं ते धरून चालतात. मॅचनंतरच्या सँडविचमध्ये हॅम सोडून काही असतं हे त्यांना आत्ता आत्ता कळायला लागलंय. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय आणि चीजचे सँडविच सुरू झालेत. सांगितलं की बदलतात, हा माझा अनुभव. पण सांगायला तिथे असावं लागतं.

मागण्या चारच आहेत, आणि त्यातली एकही अवघड नाही.

मेळावा त्याच दिवशी ठेवायचा असेल तर संध्याकाळी सहाला सुरू करा. मॅच तोवर संपलेली असते, ट्रलीहून यायलाही वेळ मिळतो, आणि दिवे तसेही अंधारातच शोभतात. ते जमत नसेल तर आदल्या शनिवारी घ्या. हॉल शनिवारी रिकामा आहे, मी चौकशी केली आहे.

सूचनेतली ती ओळ मागे घ्या आणि क्लबला दोन ओळींचं पत्र पाठवा. मराठी मुलं ज्याच्याकडे शिकतात तो फायनल खेळतोय, त्याला मंडळाच्या वतीने शुभेच्छा द्यायला ठराव कशाला लागतो?

गणपतीच्या पाच दिवसांचं भाडं द्या. ते नको म्हणाले तर क्लबच्या लॉटोची तेवढ्या रकमेची तिकिटं घ्या, किंवा सरावाच्या मैदानाची डागडुजी आपल्या खर्चाने करून द्या. मंडळाच्या हिशेबात किती शिल्लक आहे हे वार्षिक सभेत मीच वाचून दाखवलं होतं, त्यामुळे पैसे नाहीत हे कारण चालणार नाही.

आणि मंडळाचा एक प्रतिनिधी क्लबच्या वार्षिक सभेला जाऊ द्या. मॅचचं वेळापत्रक, वर्गणीची तारीख, जर्सीची पाळी, पार्किंगच्या शेतात पिवळं जाकीट घालून उभं राहायला किती माणसं हवीत, हे त्याने ग्रुपवर टाकावं. बोलणी खायची तयारी असलेला दुसरा कुणी मिळाला नाही तर मी जाईन.

सोबत सभासदांच्या सह्यांचं पत्र जोडलं आहे. आपल्याच घटनेनुसार इतक्या सह्या असल्या की विषय पुढच्या बैठकीत घ्यावा लागतो, तो घ्यावा. उत्तर ग्रुपवर सगळ्यांसमोर द्या. रात्री अकराला मला एकटीला फोन करून "वहिनी, तुम्ही उगाच मनावर घेतलंत" असं नको.

निर्णय काहीही होवो, त्या रविवारी दुपारी मी आणि मुलं ट्रलीला असू. माझ्या वाटणीच्या चकल्या आणि शंकरपाळे शनिवारी रात्री सचिवांच्या घरी पोचते करते. डबे मात्र परत हवेत, मागच्या वर्षीचे दोन अजून आले नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची आणि क्लबची एक सभासद
केरी